पोरांनी वाईट छापलं तर कॉलेज कुठवर जाऊ शकतं? कॅलिफोर्नियाचा ‘कोआला’ आणि पुण्याचा निकाल

विशेष विश्लेषण

कॉलेजात शिकणाऱ्या पोरानं काहीतरी वाईट लिहिलं, छापलं किंवा मोबाइलवर पुढं ढकललं, तर कॉलेज त्याला काढून टाकू शकतं का? हा प्रश्न आता फक्त शहरातल्या लोकांचा राहिला नाही. तालुक्यातून दरवर्षी हजारो पोरं-पोरी शिकायला बाहेर पडतात. कुणाच्या फीसाठी सोयाबीन विकलेलं असतं, कुणासाठी सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज काढलेलं असतं. एका कागदावर ‘निष्कासित’ असं लिहून आलं की ते सगळं वर्ष पाण्यात जातं.

पुण्यात २०२५ च्या मे महिन्यात असं एक प्रकरण घडलं आणि थेट मुंबई उच्च न्यायालयात गेलं. पण या प्रश्नाचा सगळ्यात जास्त काथ्याकूट झाला आहे तो अमेरिकेत. तिथं विद्यापीठांतली मुलं स्वतःची वर्तमानपत्रं काढतात. काही चांगली असतात, काही अगदीच वंगाळ. त्या वंगाळ पेपरांवर झालेल्या कारवाया कोर्टात गेल्या आणि त्यातून कारवाईची हद्द ठरत गेली. ती हद्द नेमकी कुठं आहे, ते आधी पाहू. मग पुण्याकडे येऊ.

सॅन डिएगोत काय झालं

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सॅन डिएगो शहर आहे. तिथं सरकारी विद्यापीठ आहे. त्या विद्यापीठातली काही मुलं १९८२ पासून ‘द कोआला’ नावाचं टवाळीचं पत्र काढत आली. कोआला म्हणजे ऑस्ट्रेलियातला झाडावर राहणारा प्राणी. पत्राचा धंदा एकच, जे कुणी बोलू नये ते मुद्दाम छापायचं. बायकांवर, वेगवेगळ्या वंशाच्या लोकांवर, धर्मांवर खालच्या दर्जाचे विनोद. वाचून हसणारे थोडे आणि चिडणारे जास्त, असा त्याचा लौकिक.

१६ नोव्हेंबर २०१५ ला या पत्रानं एक लेख छापला. त्या काळात अमेरिकेतल्या कॉलेजांत ‘सुरक्षित जागा’ हा विषय गाजत होता. म्हणजे जिथं कुणालाही अपमान सहन करावा लागणार नाही अशी जागा. त्याची टिंगल करताना पत्रानं ‘धोकादायक जागा’ उघडल्याची खोटी बातमी रचली आणि त्यात काळ्या लोकांसाठी वापरली जाणारी जुनी शिवीही छापली.

दोनच दिवसांनी, १८ नोव्हेंबरला, विद्यापीठाच्या प्रशासनानं जाहीर निषेध केला. आपल्याकडे कुलगुरू असतात तसं तिथल्या प्रमुखाचं पद. त्या पदावर होते प्रदीप खोसला. हे गृहस्थ मूळचे आपल्याकडचे, जन्म मुंबईचा, शिक्षण आयआयटी खरगपूरचं. निषेध केला यात काही चूक नव्हती. विद्यापीठालाही स्वतःचं मत आहे आणि ते बोलून दाखवायचा हक्क आहे.

अडचण पुढं आली. त्याच संध्याकाळी तिथल्या विद्यार्थी परिषदेची बैठक झाली. तिथं प्रत्येक विद्यार्थ्याच्या फीमध्ये उपक्रमांसाठी ठरावीक रक्कम असते. त्यातून नाच-गाण्यापासून छापील अंकांपर्यंत सगळ्याला परिषद पैसे वाटते. त्या संध्याकाळी ठराव झाला की यापुढं कोणत्याच छापील विद्यार्थी प्रकाशनाला पैसे द्यायचे नाहीत. ठरावात कोआलाचं नाव नव्हतं. एकट्यावर बंदी घातली तर कोर्टात टिकणार नाही, म्हणून सगळ्यांचाच पुरवठा तोडला. कविता छापणारे, आपल्या समाजाचे प्रश्न मांडणारे, ज्यांचा या भानगडीशी काडीचा संबंध नव्हता, तेही त्यात गेले. नाच-गाण्याचा, भाषणांचा, संमेलनांचा पैसा मात्र चालूच राहिला.

ही गोष्ट तिथं पहिल्यांदा घडली असंही नाही. २०१० मध्येही याच मंडळींच्या एका कार्यक्रमात असाच अपशब्द वापरला गेला होता. तेव्हाही परिषदेच्या अध्यक्षानं सगळ्याच विद्यार्थी माध्यमांचे पैसे काही काळ गोठवले होते.

वाट बंद करायची जुनी युक्ती

गावात एखाद्याशी वाकडं आलं की त्याच्या अंगाला कुणी हात लावत नाही. त्याच्या वावराची वाट बंद करतात. नांगर जाणार नाही, बैलगाडी जाणार नाही, पीक घरी येणार नाही. तोंडानं मात्र म्हणायचं, ‘आम्ही त्याला काय केलं? आमच्या बांधावरून आम्ही कुणालाच जाऊ देत नाही.’

वर्तमानपत्राच्या बाबतीत ही युक्ती अमेरिकेत फार जुनी आहे. लुईझियाना राज्यात ह्युई लाँग नावाचा दांडगा पुढारी होता. मोठे पेपर त्याच्या विरोधात लिहायचे. १९३४ मध्ये तिथं कायदा झाला. आठवड्याला वीस हजारांपेक्षा जास्त खप असलेल्या पत्रांनी जाहिरातीच्या उत्पन्नावर दोन टक्के कर भरायचा. दिसायला साधा कर. पण त्यात सापडले ते बहुतेक विरोधातले पेपर. लहान पेपर सुटले. १९३६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तो कर रद्द केला. पैशाच्या वाटेनं पेपरचं तोंड दाबणं हीसुद्धा मुस्कटदाबीच, असं त्याचं सार.

विद्यापीठाच्या बाबतीत हाच प्रकार मिनेसोटा राज्यात झाला. तिथल्या ‘मिनेसोटा डेली’ या विद्यार्थी दैनिकानं १९७९ मध्ये परीक्षेच्या आठवड्यात एक विनोदी अंक काढला. त्यात येशू ख्रिस्ताच्या वधस्तंभावरून विनोद केला होता. चर्चला जाणारी माणसं भडकली, आमदारांनी पत्रं पाठवली. विद्यापीठाच्या नियामक मंडळानं आधी निषेधाचा ठराव केला. मग १९८० मध्ये नियम बदलला. पेपरसाठी घेतली जाणारी फी ज्याला नको असेल त्यानं परत मागून घ्यावी, असा तो नियम. ऐकायला किती न्यायाचं वाटतं! पण कोर्टानं बारकाईनं पाहिलं. त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या शहरांतल्या विद्यार्थी पत्रांना हा नियम लावलाच नव्हता. म्हणजे राग या एका पेपरवरच होता. १९८३ मध्ये संघराज्याच्या अपील कोर्टानं हा बदल घटनाबाह्य ठरवला.

कोआलाची मुलंही २०१६ च्या मे महिन्यात नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या वकिलांमार्फत कोर्टात गेली. प्रमुख अधिकारी म्हणून खोसला यांच्या नावावर दावा लागला. खालच्या कोर्टानं तो फेटाळला. जुलै २०१९ मध्ये अपील कोर्टानं तो निकाल फिरवला. बाकी सगळ्या उपक्रमांना पैसे चालू ठेवून फक्त छापणाऱ्यांचे तोडले आणि तेही एका लेखावरून गदारोळ झाला त्याच दिवशी, म्हणून हा दावा चालण्याजोगा आहे, असं कोर्टानं म्हटलं आणि प्रकरण खाली परत पाठवलं.

याचा अर्थ विद्यापीठानं प्रत्येक पेपरला पैसे दिलेच पाहिजेत, असा नाही. नको तर देऊ नयेत. पण एकाच्या लिखाणाचा सूड म्हणून सगळ्या छापणाऱ्यांची वाट बंद करता येत नाही.

थेट काढून टाकलं तर?

पैशाचं झालं. आता थेट शिक्षेचं पाहू. इथं सगळ्यात मोठा निकाल मिसुरी राज्याचा आहे.

बार्बरा पॅपिश ही तिथल्या विद्यापीठात पत्रकारितेचं पुढचं शिक्षण घेणारी विद्यार्थिनी. १९६९ च्या फेब्रुवारीत तिनं विद्यापीठाच्या आवारात एक पेपर वाटला. तो पेपर विद्यापीठाची परवानगी घेऊन चार वर्षांपेक्षा जास्त काळ तिथं विकला जात होता. त्या अंकाच्या पहिल्या पानावर व्यंगचित्र होतं. स्वातंत्र्यदेवता आणि न्यायदेवता यांच्यावर पोलीस बलात्कार करताहेत, असं ते चित्र. आतल्या एका मथळ्यात उघड शिवी होती. विद्यापीठाच्या शिस्त समितीनं ‘अश्लील मजकूर वाटला’ म्हणून तिला काढून टाकलं. त्या सत्रात ती एका विषयात पास झाली होती, त्याचे श्रेयांकही दिले नाहीत.

ती खाली हरली, अपिलात हरली. शेवटी मार्च १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध तीन मतांनी जिंकली. लोकांच्या आवडीला कितीही खटकणारा विचार असला, तरी केवळ सभ्यतेच्या नावाखाली सरकारी विद्यापीठाला तो दडपता येणार नाही, असं बहुमताचं म्हणणं. तिचे श्रेयांक परत द्या आणि अभ्यासाच्या बाबतीत दुसरी अडचण नसेल तर तिला परत घ्या, असा आदेश झाला.

तीन न्यायमूर्ती विरोधात होते हे विसरून चालणार नाही. विद्यापीठ हे शिकायचं ठिकाण आहे, तिथं किमान सभ्यता शिकवायचा अधिकार विद्यापीठाला असायला हवा, असा त्यांचा सूर. आपल्याकडच्या बऱ्याच पालकांना हाच मुद्दा जास्त पटेल.

आणि शाळेच्या बाबतीत कोर्टानं साधारण तोच सूर धरलाही. मिसुरीतच सेंट लुईस शहराजवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकानं विद्यार्थी पत्रातली दोन पानं काढून टाकली. त्यात शाळकरी मुलींचं गरोदरपण आणि आई-वडिलांचे घटस्फोट यांवर लेख होते. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुख्याध्यापकाच्या बाजूनं निकाल दिला. शाळेतलं पोर वेगळं आणि मतदान करणारं पोर वेगळं, असा हा फरक आहे. आणखी एक, अमेरिकेत ही घटनेची ढाल सरकारी विद्यापीठांपुरती आहे. खाजगी विद्यापीठ आपल्या नियमाप्रमाणं वागू शकतं.

ज्यांना लागलं त्यांचं काय?

इथं एक बाजू सुटून जाते. सॅन डिएगोच्या त्या विद्यापीठात काळी मुलं फार थोडी होती. वर्गात आधीच एकटं पडलेलं पोर, त्यात आवारात फुकट वाटल्या जाणाऱ्या कागदावर आपल्या आज्या-पणज्यांना दिली जाणारी शिवी वाचायची. त्याला ‘तुला काय, वाचू नको’ असं म्हणणं सोपं आहे. आपल्याकडे होस्टेलच्या भिंतीवर किंवा ग्रुपवर जातीवरून लिहिलेलं ज्यानं वाचलंय, त्यालाच ते कळेल.

म्हणून हद्द दोन्हीकडून पाहावी लागते. सगळ्यांसाठी छापलेला वाईट विनोद वेगळा आणि एका ठरावीक पोराला गाठून, त्याच्या खोलीपर्यंत जाऊन धमकावणं, छळणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला अमेरिकेतही माफी नाही. खोटी बदनामी केली तर तिथंही दावा लागतो. आपल्याकडे तर कायदा आणखी कडक आहे. घटनेच्या कलम १९ मध्ये बोलायचं स्वातंत्र्य दिलंय आणि त्याच कलमात सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी अशा कारणांसाठी वाजवी बंधनंही घातलीत. जातीवरून जाहीर अपमान केला तर ॲट्रॉसिटी कायदा आहे. तेव्हा अमेरिकेचा निकाल दाखवून इथं काहीही लिहायला मोकळीक मिळते, असं कुणी समजू नये.

पण ज्यांना लागलं त्यांना त्या संध्याकाळच्या ठरावानं काय मिळालं, हेही विचारलं पाहिजे. स्वतःचा अंक काढून उत्तर द्यायचं म्हटलं तर त्यालाही परिषदेचा पैसा मिळेना. वंगाळ लिहिणाऱ्याची वाट बंद करताना उत्तर देणाऱ्याचीही वाट बंद झाली.

पुण्यात काय झालं

आता आपल्या दारातलं. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणाव शिगेला पोचला होता. पुण्यातल्या एका खाजगी अभियांत्रिकी कॉलेजात शिकणाऱ्या, जम्मू-काश्मीरहून आलेल्या १९ वर्षांच्या मुलीनं ७ मे रोजी इन्स्टाग्रामवर भारताच्या विरोधातली एक पोस्ट पुढं टाकली. पोस्ट तिनं स्वतः लिहिलेली नव्हती. धमक्या येऊ लागल्यावर दोन तासांत ती काढली आणि माफी मागितली. तरीही ९ मे रोजी कॉलेजनं तिला निष्कासित केलं. पोलिसांनी अटक केली. मुलगी येरवडा जेलात आणि परीक्षा तोंडावर.

२७ मे रोजी उच्च न्यायालयाच्या सुट्टीतल्या खंडपीठानं तिला जामीन दिला, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसू द्यायला सांगितलं. तोवर पेपर बुडायला सुरुवात झाली होती. न्यायमूर्तींनी सरकारला आणि कॉलेजला चांगलंच सुनावलं. एका विद्यार्थिनीला गुन्हेगार करायला निघालात का, असा त्यांचा सवाल होता. पोस्ट बरोबर होती, असं कोर्टानं म्हटलं नाही. पोस्ट अविचाराची होती हे तिनं स्वतःच मान्य केलं होतं. कोर्टाचं बोट होतं ते कॉलेजच्या घाईवर. तिचं म्हणणं ऐकूनच घेतलं नव्हतं. कॉलेजचं काम शिक्षा करणं आहे की सुधारणं, हा मुद्दाही तिथं निघाला.

खाजगी कॉलेज असूनही कोर्टानं हात घातला, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

वेळ हीच खरी शिक्षा

या सगळ्या प्रकरणांच्या तारखा एकाखाली एक मांडल्या तर एक गोष्ट डोळ्यात भरते. पॅपिशला १९६९ मध्ये काढलं, न्याय मिळाला १९७३ मध्ये. चार वर्षं. मिनेसोटाचा नियम १९८० चा, निकाल १९८३ चा. कोआलाचे पैसे २०१५ मध्ये तोडले, अपील कोर्टाचा निकाल २०१९ मध्ये. एवढ्या काळात पदवीची अख्खी बॅच बाहेर पडते. म्हणजे कोर्टात विद्यार्थी जिंकतात, पण जिंकेपर्यंत ते विद्यार्थी राहिलेले नसतात. पुण्याच्या मुलीला अठरा दिवसांत दाद मिळाली, कारण प्रकरण गाजलं आणि चांगले वकील उभे राहिले. तालुक्याच्या ठिकाणच्या कॉलेजातलं पोर घरी बसवलं तर त्याची बातमीसुद्धा होत नाही.

म्हणून शिक्षा करण्याआधीची पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. कॉलेजनं काय पाळलं पाहिजे आणि पालकांनी काय मागितलं पाहिजे, ते थोडक्यात असं:

– आरोप नेमका काय आणि कोणता नियम मोडला, हे लेखी मिळालं पाहिजे. ‘कॉलेजची बदनामी केली’ एवढं मोघम पुरेसं नाही.

– उत्तर द्यायला वेळ आणि समितीपुढं बोलायची संधी मिळाली पाहिजे. तोंडी दम देऊन दाखला हातात ठेवला तर घेऊ नका. आधी लेखी आदेश मागा.

– शिक्षा चुकीच्या मापाची असावी. समज देणं, माफीनामा, पालकांना बोलावणं या पायऱ्या असताना पहिल्याच फटक्यात वर्ष बुडवणं टिकायला अवघड आहे.

– परीक्षा जवळ असेल तर दाद मागायला एक दिवसही घालवू नका. कॉलेजची तक्रार निवारण समिती, विद्यापीठ आणि गरज पडली तर उच्च न्यायालय.

– वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज करता येतो.

पोरांच्या बाजूनंही एक गोष्ट बघायला हवी. सॅन डिएगोच्या मुलांनी कागद छापून वाटला, पुण्याच्या मुलीनं एक बटण दाबलं. कागद आवारापुरता राहतो. मोबाइलवरचं दोन तासांत पुसलं तरी कुणीतरी स्क्रीनशॉट काढलेला असतोच. कॉलेजच्या वार्षिक अंकात लेख द्यायचा तर संपादक प्राध्यापक आधी वाचतात. स्टेटसला तसा संपादक नाही. पुढं ढकलायच्या आधी पोरांनाच ते काम करावं लागणार.

कॉलेजांसाठी मात्र प्रश्न वेगळा आहे. पुण्याच्या निकालानंतर शिस्त समितीच्या माणसांनी आपल्या नियमांचं पुस्तक उघडून पाहायला हवं. लिखाणावर कारवाई करायची पद्धत त्यात लिहिली आहे का? सुनावणीला किती दिवस आहेत? अपील कुणाकडं? बहुतेक पालकांनी हे कधी विचारलेलं नसतं. प्रवेशाच्या वेळी पोराची आणि आपली सही घेतात, त्या हमीपत्रात याबद्दल काय छापलंय, ते सही करायच्या आधी एकदा वाचून घ्या. इंग्रजीत असेल तर गावातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या.